अर्धा इंच

पाहुणा येणार होता दुपारी तीनला, आणि दादा सकाळी नऊपासून फुगून बसला होता. रविवार असल्यामुळे दुकान बंद होतं. तरी तो जिना उतरून खाली गेला, दिवे लावले आणि कापायच्या टेबलावरच्या खडूच्या रेघा ओल्या फडक्याने पुसू लागला. टेबलावर एकही रेघ नव्हती.

"जा बाई, तूच समजूत घाल त्याची," वहिनी नणंदेला, मधलीला म्हणाली. "अजून तासभर पुसत बसला तर टेबलाला भोक पडेल."

मधली खाली गेली खरी, पण समजूत घालण्यासारखं उरलं काय होतं? गुरुवारच्या भांडणात दादाने अट घातली होती आणि तिने ती मान्य केली होती. हा शेवटचा. हा माणूस अक्काचा नातू निघाला तर ठीक. नाहीतर मधलीच्या त्या एकोणीस फायली दोरीने बांधून माळ्यावर जाणार आणि तात्यांसमोर पुन्हा अक्काचं नाव निघणार नाही.

"माझ्या लक्षात आहे," मधली म्हणाली.

"तुझ्या लक्षात असेल गं. तात्यांचं काय?" दादा फडकं पिळत म्हणाला. "चौऱ्याऐंशी वर्षांचा माणूस. आज सहाला उठून दाढी केलीय त्यांनी. आणि अकराला पुन्हा एकदा."

दाढीचा साबण मधलीनेच नेऊन दिला होता, दोन्ही वेळा.

तात्या हे दादा-मधलीचे वडील आणि अक्का त्यांची थोरली बहीण. आई लवकर गेली, तेव्हा तिनेच तात्यांना लहानाचं मोठं केलं. शिंप्याच्या घरातली मुलगी. तिने काजं करावीत, बटणं लावावीत, पण कातरी पुरुषांच्याच हातात राहील, असा आजोबांचा, म्हणजे तात्यांच्या वडिलांचा, कायदा होता. अक्काने चोरून एक कोट कापला. तोही खुद्द आजोबांसाठी, त्यांना चकित करायला. आजोबांनी तो अंगात घातला, आरशात दोन्ही बाजूंनी पाहिला, खूश होऊन कुणी कापला ते विचारलं, आणि उत्तर ऐकल्यावर सगळ्या कारागिरांसमोर त्याची शिवण न् शिवण उसवली. दुसऱ्या दिवशी सकाळी अक्का घरात नव्हती. ती तेव्हा एकोणीस वर्षांची होती आणि तात्या नऊ. त्याला आता पंचाहत्तर वर्षं झाली.

मधलीने नोकरीची तीस वर्षं पोस्टात, पत्ता न लागलेल्या पत्रांच्या टेबलावर काढली होती. "पिवळ्या बंगल्यामागे, काकूंना" एवढ्याशा पत्त्यावर तिने पत्रं पोचवली होती. निवृत्त झाल्यावर तिने अक्काचा शोध हाती घेतला. जन्ममृत्यूची रजिस्टरं झाली, मतदारांच्या याद्या झाल्या, शाळांचे दाखले आणि जुन्या टेलिफोन डिरेक्टऱ्या झाल्या. अक्काने ताकास तूर लागू दिली नाही. मधली वैतागायची आणि मनातून जरा कौतुकही करायची, कारण इतक्या सफाईने नाहीसं होणं हे येरागबाळ्याचं काम नव्हे.

दोन वर्षांपूर्वी एकदा सापडली होती. म्हणजे अक्का नव्हे, तिची मुलगी सापडली होती. पोहायला शिकवून निवृत्त झालेली एक धिप्पाड बाई. नाव जुळत होतं, वय जुळत होतं, आईही शिवणकाम करायची. तात्यांनी तिचा हात दोन तास सोडला नाही. तीन आठवड्यांनी टपालाने तिच्या आईचा दाखला आला आणि कळलं की त्या आईचा या घराशी काडीचा संबंध नव्हता. तात्या दोन दिवस जेवले नाहीत. ती बाई मात्र पुढच्या रविवारी पुन्हा हजर. "मला दुसरं कुणी नाही," ती म्हणाली, "आणि तुमच्याकडे चहा चांगला मिळतो." तेव्हापासून एकही रविवार तिने चुकवला नव्हता. दादाच्या मुलांनी तिचं नाव 'चुकीची आत्या' ठेवलं. तिला ते इतकं आवडलं की फोनवरही ती स्वतःला तसंच म्हणवून घेई.

आजही ती अडीचलाच येऊन चांगली खुर्ची अडवून बसली होती.

"घाबरू नकोस," ती मधलीला म्हणाली. "चुकीचा निघाला तर माझ्या शेजारी जागा आहे."

पाहुणा तीनला पाच कमी असताना आला. लिफ्ट दुरुस्त करणारा मिस्त्री होता. चाळिशी ओलांडलेला, आडव्या बांध्याचा, आणि इतका संकोची की दार उघडं असूनही त्याने तीनदा टकटक केली. घर पहिल्याच मजल्यावर आहे, लिफ्टची भानगड नाही, याचंच त्याला समाधान वाटलेलं दिसलं. जिना चढताना तो उजव्या हाताने कोटाचा डावा खांदा सारखा वर ओढत होता. बिचारा घाबरलाय, असं मधलीला वाटलं. वहिनीने त्याचा कोट घेऊन दारामागे टांगला, त्याला खिडकीपाशी तात्यांसमोर बसवलं आणि चहा आणला.

"बोला," तात्या म्हणाले. एवढंच. त्यांचे दोन्ही हात गुडघ्यांवर घट्ट होते.

लिफ्टवाला बोलला, आणि खरं तेच बोलला, हीच पंचाईत होती. मधलीने अक्काचा एकमेव फोटो वर्तमानपत्रात छापून आणला होता. दुकानाच्या दारात उभी असलेली, गळ्यात टेप अडकवलेली, तोंडात टाचण्या धरलेली मुलगी. ऐन वेळी हलल्यामुळे चेहरा पुसट आला होता. तो अंक लिफ्टवाल्याने लिफ्टच्या मोटरच्या खोलीत जेवताना खाली अंथरला होता.

"डबा उचलला आणि खाली आजी," तो म्हणाला. "आजी गेली त्याला अकरा वर्षं झाली. पण तोंडात टाचण्या धरून बोलायची ना, तेव्हा ओठ असाच एका बाजूला जायचा."

"टाचण्या सगळेच शिंपी धरतात," दादा म्हणाला. तो कधी वर आला ते कुणाला कळलं नव्हतं. दाराशी हाताची घडी घालून उभा होता.

लिफ्टवाल्याने कागद आणले होते. मधलीने ते ओळीने मांडले. लग्नाची नोंद, कारखान्याचं नोकरीचं पुस्तक, ओळखपत्र, मृत्यूचा दाखला. चार कागद आणि चार वेगवेगळी जन्मगावं. त्यातलं एकही इथलं नव्हतं.

"म्हणजे तिला सापडायचं नव्हतं," मधली घाईघाईने म्हणाली.

"किंवा ही बाई वेगळीच होती," दादा म्हणाला. "दोन्ही अर्थ निघतात."

तात्यांनी हात वर करून दोघांना गप्प केलं. "माझ्याबद्दल काही बोलायची का? धाकटा भाऊ आहे, वगैरे?"

खोटं बोलायला इतकी सोपी जागा माणसाला क्वचितच मिळते. लिफ्टवाला लाल झाला आणि कपाकडे बघत म्हणाला, "नाही आजोबा. माहेराबद्दल आजी एक अक्षर काढायची नाही. आम्ही विचारलं की शिवणयंत्र जोरात चालवायची."

तात्यांनी मान हलवली. त्या क्षणी मधलीला तो माणूस फार आवडला आणि त्याच क्षणी आपण हरणार असंही वाटू लागलं.

"टेप आणतो," दादा म्हणाला.

हे व्हायचंच होतं. या घराण्यात डावा खांदा उजव्यापेक्षा अर्धा इंच खाली असतो. आजोबांचा होता, तात्यांचा आहे, दादाचा, मधलीचा, दादाच्या दोन्ही मुलांचा आहे. वहिनी लग्न होऊन आली तेव्हा तिला वाटलं होतं, ही सगळी मंडळी नुकतीच जड पिशवी उतरवून उभी आहेत. शाळेच्या फोटोत फोटोग्राफरने मधलीला तीनदा सरळ उभं राहायला सांगितलं, तेव्हा आजोबा बाहेरून ओरडले होते, "ती सरळच उभी आहे! आपल्या घरातला खांदा असाच असतो!" कागदांनी दगा दिला तरी खांदा दगा देणार नाही, यावर आज दादा आणि मधली यांचं पहिल्यांदाच एकमत होतं.

दादाने माप घेतलं. मानेपासून उजवीकडे, मानेपासून डावीकडे, खांद्यापासून जमिनीपर्यंत. त्याचा चेहरा वाचता येईना. त्याने पुन्हा घेतलं.

"थांबा," लिफ्टवाला मदतीच्या भावनेने म्हणाला. किल्ल्यांच्या जुडग्याला त्याने एक छोटी लेव्हल अडकवली होती, काचेच्या नळीत पाण्याचा बुडबुडा असलेली. लिफ्ट सपाट उभी आहे की नाही ते बघायला ती त्याच्या कामाची. "ही मोजपट्टीवर ठेवा. हिच्याइतकं अचूक काही नाही."

वहिनीने लाकडी मोजपट्टी त्याच्या दोन्ही खांद्यांवर आडवी धरली. दादाने वर लेव्हल ठेवली. बुडबुडा जरा इकडे गेला, जरा तिकडे गेला आणि बरोब्बर मध्ये येऊन बसला. चुकीची आत्या खुर्चीवरून उठून बघायला आली होती. ती पुन्हा जाऊन बसली.

"सरळ आहे," दादा म्हणाला. जिंकल्याचा आनंद त्याच्या आवाजात नव्हता, हे मधलीने त्याच्या नावे जमा धरलं.

"चहा छान झाला होता," तात्या वहिनीला म्हणाले आणि खुर्चीचे हात धरून उठले. त्यांचा कप भरलेलाच होता. भिंतीचा आधार घेत ते आपल्या खोलीकडे निघाले. मधलीला वाटलं, एकोणीस फायली आपणच जाळाव्यात. तीन वर्षं तिने या म्हाताऱ्या माणसाला आशेवर ठेवलं होतं. पत्रं पोचवणं वेगळं आणि हे वेगळं. पत्राला काही दुखत नाही.

"माझं चुकलं," लिफ्टवाला उभ्याउभ्या म्हणाला. "पत्रातच लिहायला हवं होतं. माझी आई आजीच्या पोटची नाही. आजीला मूल झालं नाही. कारखान्यातली तिची मैत्रीण बाळंतपणात गेली, तिची ती मुलगी. आजीने सांभाळली. हे लिहिलं तर तुम्ही बोलावणारच नाही, अशी भीती वाटली."

"म्हणजे खांदा जुळणार नव्हताच!" मधली म्हणाली.

"खांद्याचं मला कुठे माहीत होतं? मला फोटो माहीत होता." त्याने दारामागचा कोट काढला. "फोटोतली मुलगी माझी आजी आहे. बाकी माझ्याकडे पुरावा नाही. येतो मी. चहाबद्दल आभार."

त्याने कोट अंगात घातला, बटण लावलं आणि सवयीने डावा खांदा वर ओढला.

दादाला इतका वेळ सगळ्याचा राग आला होता, पण असला राग पहिल्यांदाच आला. चाळीस वर्षांत त्याच्या दुकानातून एकही कोट लोंबत्या खांद्याने बाहेर पडला नव्हता, आणि इथे त्याच्याच घरात, त्याच्याच डोळ्यांदेखत एक पडत होता.

"हा कोट कुणी शिवलाय?"

"आजीने. माझ्या लग्नात."

"काय शिवलाय! बाह्या बघ, गळा बघ, हात फिरवावासा वाटतो. आणि खांद्याची ही वाट लावलीय? डावीकडे सरळ लोंबतोय!"

लिफ्टवाला पहिल्यांदाच हसला. "आमच्याकडे सगळ्यांचे असेच. बाहेरच्यांचे कपडे ती चोख शिवायची, कुणाची तक्रार नाही. पण घरातल्यांचे सदरे, आईचे झगे, बाबांचे कोट, सगळं डावीकडे उतरलेलं. बाबा लग्नानंतर वर्षभर आरशासमोर वाकडे उभे राहायचे. आम्ही कितीदा सांगितलं, आजी, आमचे खांदे सरळ आहेत. ऐकायचीच नाही."

"काय म्हणायची?" आवाज आतल्या दारातून आला. तात्या भिंतीला हात लावून तिथेच थांबले होते.

"म्हणायची, आपल्या घरातला खांदा असाच असतो."

हे वाक्य मधलीच्या एकाही फायलीत नव्हतं, वर्तमानपत्रात छापलं नव्हतं, आणि आज दुपारी या माणसासमोर कुणी उच्चारलंही नव्हतं. तिने मनातल्या मनात दोनदा तपासलं. नव्हतंच.

तात्या परत आले. भिंत न धरता आले.

"काढ तो कोट," ते म्हणाले.

त्यांनी कोट टेबलावर पालथा घातला, अस्तर उलटलं आणि खांद्याच्या शिवणीवरून अंगठा फिरवला. मग ते दादाला म्हणाले, "खाली भिंतीवर आजोबांचा खिळा रिकामा आहे ना?"

दुकानाच्या मागच्या भिंतीवर घरातल्या प्रत्येकाच्या मापाचा पुठ्ठा कापून टांगलेला असे. त्यावर ठेवून कापड कापायचं. आजोबांचा पुठ्ठा उंदरांनी खाल्ला, असं सगळे लहानपणापासून ऐकत आले होते. बाकीचे सोडून उंदरांनी नेमका तोच का खाल्ला, हे आजवर कुणी विचारलं नव्हतं.

"उंदीरबिंदीर काही नाही," तात्या म्हणाले. "अक्काने नेला. आयुष्यात तिने पहिला कोट त्याच पुठ्ठ्यावर कापला होता. त्या सकाळी मी जिन्यावर बसलो होतो. ती पुठ्ठा अंगावरच्या कोटात लपवून खाली उतरली, मला पाहिलं आणि ओठांवर बोट ठेवलं. असं."

त्यांनी ओठांवर बोट ठेवून दाखवलं.

"आणि तुम्ही पंचाहत्तर वर्षं बोलला नाहीत?" दादा ओरडलाच. "मला सांगितलं नाहीत, हिला नाही? ही तीन वर्षं सरकारी कचेऱ्यांचे जिने झिजवतेय!"

"तिने बोट काढलंच नाही रे," तात्या म्हणाले. "न काढताच गेली. मग मी कसं सांगणार?"

वहिनीने पदर तोंडाला लावला. हसण्यासाठी की रडण्यासाठी ते कळत नव्हतं. लिफ्टवाला सावकाश म्हणाला, "पुठ्ठा आहे. आजीच्या यंत्राच्या खणात. काळा पडलाय, कडा चिकटपट्टीने जोडल्यात. आई तो टाकू देत नाही."

"मला तो कोट घाल," तात्या म्हणाले.

दादाने धरला, त्यांनी हात घातले. बाह्या बोटांच्या खाली लोंबल्या, पुढून दोन तात्या मावले असते. पण दादाने पाठीमागून कापड सारखं केलं आणि त्याचे हात तिथेच थांबले. डावा खांदा तात्यांच्या खांद्यावर असा बसला होता, की सुरकुती नाही, ओढ नाही, कणभर इकडेतिकडे नाही. दादाने आयुष्यभर याच खांद्याचे कोट शिवले होते. त्यातला एकही इतका चांगला बसला नव्हता, आणि ते त्याने मोठ्याने कबूल केलं, अशी कबुली त्याच्याकडून ऐकायला वहिनीला तीस वर्षं वाट बघावी लागली होती.

"मूल कुणाचं का असेना," तात्या बाहीने डोळे पुसत म्हणाले. बाही लांब असल्याचा तेवढा उपयोग झाला. "तिने सगळ्यांना आपल्या मापाने शिवलं. आता हा कोट मी देणार नाही."

"आजोबा, मी घरी काय घालून जाऊ?"

"तुला नवा मिळेल. चला खाली."

सगळी वरात जिन्याने दुकानात उतरली. दादाने मापाची जुनी वही काढली. तिच्यात पुढून गिऱ्हाइकं असत आणि मागून घरचे. अक्काचं पान तिच्या एकोणिसाव्या वर्षापाशी थांबलं होतं आणि खाली सगळी जागा कोरी होती. दादाने तिथेच लिहिलं, 'नातू', आणि टेप उलगडला. छाती, कंबर, बाही. तो आकडे सांगत होता आणि लिहीत होता. मधली बाजूला उभी राहून आपल्या वंशावळीच्या मोठ्या कागदावर अक्काच्या नावाखाली रेघ ओढत होती. कागदाखाली टेकू नव्हता, रेघ वाकडी आली. तिने ती खोडली नाही.

"डावा खांदा," दादा म्हणाला आणि थांबला. "सरळ. बुडबुडा सगळ्यांनी बघितलाय."

"अर्धा इंच खाली," तात्या म्हणाले.

"तात्या, कोट लोंबेल."

"लोंबू दे."

दादाने लिफ्टवाल्याकडे बघितलं. लिफ्टवाल्याने मान डोलावली. "मला सवय आहे," तो म्हणाला. "सरळ शिवला तर घरचे ओळखणार नाहीत."

दादाने एक मोठा सुस्कारा सोडला आणि लिहिलं. मधलीने तीन वर्षं सरकारी वह्यांमधल्या चुकीच्या नोंदींशी झुंज दिली होती. चुकीची गावं, चुकीची वयं, चुकीचे बाप. इथे तिच्या नाकासमोर, पाच साक्षीदारांदेखत, साफ खोटी नोंद होत होती. शंभर वर्षांनी कुणीतरी ही वही उघडेल आणि फसेल. शाई वाळावी म्हणून तिने पानावर हलकेच फुंकर घातली.

चुकीच्या आत्याने चहाचा कप शिवणयंत्रावर ठेवला आणि लिफ्टवाल्याला बाजूला सारून ती टेपसमोर येऊन उभी राहिली.

"झालं असेल तर आता माझं घ्या," ती म्हणाली आणि आपला डावा खांदा आपणहून अर्धा इंच खाली सोडला.